पक्षी बघायला गेले आणि पणजोबा घेऊन आले!

अहो, ऐकलंत का? नाहूरमध्ये माणसं रविवारी पहाटे पाचला उठायला लागली आहेत! आणि तीही आपखुशीने. कुणाला गाडी पकडायची नाही, पोराला परीक्षेला सोडायचं नाही, की गावाला निघायचं नाही. तरी उठतात, मातकट रंगाचे कपडे चढवतात, गळ्यात दुर्बीण अडकवतात आणि खाली उतरताना शेजाऱ्याचं दार ठोठावून त्यालाही उठवतात. आठवडाभर मध्य रेल्वेत चेंगरून निघालेल्या माणसाकडे रविवारच्या झोपेखेरीज स्वतःचं असं उरतं तरी काय? तिच्यावर असा उघड दरोडा पडतो आणि कुणी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ब्रसुद्धा काढत नाही! काढणार कसा? निम्मी कमिटीच त्या टोळीत.

बरं, नाहूर म्हणजे तरी कोण मोठं महाबळेश्वर लागून गेलंय? भांडुप सुटलं की मुलुंड येईपर्यंत गाडीच्या खिडकीतून जे सरकायचं ते नाहूर. २००६ साली स्टेशन झालं तेव्हा बऱ्याच मुंबईकरांना कळलं की इथे उतरायचीही सोय होऊ शकते. एलबीएस मार्गावरच्या कारखान्यांच्या भोंग्यावर कुकर लावणारी ही वस्ती. पुढे भोंगे गेले, टॉवर आले. टॉवरबरोबर विसावा मजला आला, विसाव्या मजल्याबरोबर गॅलरी आली, आणि गॅलरीतून एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी दिसायला लागली. आता इतकं सगळं दिसायला लागल्यावर माणसाचं डोकं ठिकाणावर राहील का?

सुरुवात अगदी साळसूदपणे झाली. ‘जरा पाय मोकळे करून येऊ’ म्हणाले. कुठे? भांडुप पंपिंग स्टेशनला! एकेकाळी नुसतं नाव काढलं तरी लोक नाकाला रुमाल लावायचे, तिथे आता सहल! म्हणे खारफुटी बघायची, रोहित बघायचे. रोहित म्हणजे फ्लेमिंगो हो, आपला बॅटवाला नव्हे. हिवाळ्यात खाडीत उतरतात आणि उन्हाळा तापेपर्यंत मुक्काम ठोकतात. २०१५ साली सरकारने ठाणे खाडीत त्यांच्यासाठी अभयारण्य जाहीर केलं आणि २०२२ साली ही खाडी रामसरच्या यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या पंगतीत जाऊन बसली. आता यातली गंमत बघा. आपण आंघोळी करायच्या, भांडी घासायची, ते पाणी गटारातून खाडीत जायचं, तिथे शेवाळ माजायचं, ते खाऊन रोहित गुलाबी व्हायचे, आणि त्या गुलाबी रंगाचे फोटो काढायला आपणच पहाटे पाचला उठायचं! याला निसर्गप्रेम म्हणावं की स्वतःच्याच सांडपाण्याचं कौतुक?

पण ऐकतंय कोण! खाडी झाली, मग येऊरचं जंगल. तिथे तिकीट काढून, रांगेत एकामागे एक, तोंडाला कुलूप लावून चालायचं. ज्या काकूंचा आवाज तिसऱ्या विंगेत फोनशिवाय पोचतो, त्या काकू तीन तास कुजबुजतात! काकांना आयुष्यात जे जमलं नाही ते एका टकाचोरने करून दाखवलं. पावसाळ्याच्या तोंडाशी नवरंग पक्षी येतो. तो आला की गटाच्या अंगात येतं. चिखलात बसून, डास मारायचा नाही, शिंकायचं नाही, खोकला आला तर तो गिळायचा. का? तर समोरच्या जाळीत पाचोळा हलला! तासाभराने तिथून एक सातभाई बाहेर आला तरी निराशा नाही. ‘त्याचाही एक आनंद असतो’ म्हणे. असतो का हो?

आणि कारवीचं काय सांगावं! आठ वर्षांतून एकदा फुलणारं ते झुडूप. २०१६ला फुललं, मग २०२४ला. त्या वर्षी लोकांनी असं काही डोंगर चढायला घेतलं की जणू सिंहस्थच भरला. नातीच्या वाढदिवसाची तारीख चुकणारे आजोबा आता छातीठोक सांगतात, ‘पुढची २०३२ला.’ गुडघ्याचं ऑपरेशन त्या हिशेबाने आधीच उरकून घ्यायचं ठरलंय!

बाटलेल्यांची कथा तर याहून खमंग. ज्या गृहस्थांनी कबुतरांना दाणे घालण्यावरून सोसायटीत तीन वर्षं भांडण चालवलं, ते आता खिडकीशी पाण्याचं भांडं ठेवून शिंपी पक्ष्याची वाट बघतात. ज्यांना कावळा आणि कोकीळ यांच्यापलीकडे तिसरा पक्षी ताटातच माहीत होता, ते आता दयाळाच्या शिळेवरून नर की मादी यावर पैज लावतात. फोनमध्ये एक ॲप घेतलंय, ते नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखतं. मग काय विचारता! शेजारची डोअरबेल वाजली की फोन पुढे. मिक्सर लागला की फोन पुढे. एका घरात सासूबाई ओरडल्यावर फोनने कुठला पक्षी दाखवला ते सांगत नाही, पण सूनबाईंनी त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवलाय. तांबट हा मुंबईचा मानाचा पक्षी, हेही या मंडळींनीच आपल्याला सांगितलं. दिवसभर टुक-टुक-टुक एकसुरी लावून धरतो. आपण इतकी वर्षं समजत होतो की वरच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर करून घेतंय.

५ ते १२ नोव्हेंबर या दिवसांत तर यांच्या तोंडी लागू नये. ५ तारीख मारुती चितमपल्लींची जयंती, १२ तारीख सालिम अलींची, म्हणून राज्याने तो अख्खा आठवडाच पक्षी सप्ताह केलाय. दिवाळीचा फराळ उरलेला असतोच, तो डब्यात भरून निघतात. सालिम अलींचा किस्सा तेवढ्या आठवड्यात दहा वेळा ऐकावा लागतो: लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली, कुठली ते कळेना, म्हणून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्डसाहेबांकडे घेऊन गेले आणि तिथेच कायमचे अडकले. तेव्हा एक चिमणी मेली आणि एक पक्षितज्ज्ञ मिळाला. आता चिमणी सुखरूप राहते, पण तिच्यासमोर चाळीस मोबाइल उभे राहतात. भर म्हणून महापालिकेने नाहूरलाच परदेशी पक्ष्यांचं उद्यान करायचं मनावर घेतलंय. म्हणजे पोपट बघायला लोक आमच्याकडे येणार आणि आम्ही येऊरला जाणार!

इथवर सगळं सहन केलं असतं हो. पक्षीच तर बघतात. पण खरा घोळ झाला त्या नवरंगाची वाट बघताना. चिखलात तासभर बसायचं, मोठ्याने बोलायचं नाही, फोन बघायचा नाही. मग मराठी माणूस काय करणार? शेजारच्याच्या कानाशी लागून विचारणार, ‘तुम्ही मूळचे कुठले?’

झालं! ठिणगी पडली.

कुणी म्हणालं गुहागर, कुणी म्हणालं कराडजवळचं, कुणी म्हणालं आमचं कुलदैवत जेजुरी पण मूळ गाव विचारू नका, त्यावरून चुलत्यांत वाद आहे. आणि त्या रांगेत एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, ‘आमचं घराणं मेथडिस्ट. पण पहिला कोण, कधी, कुठे, ते काही माहीत नाही.’ बस्स. नवरंग बिचारा तेवढ्यात येऊन, उड्या मारून, निघूनही गेला असेल. कुणी पाहिलंच नाही! अख्खा गट बाईंच्या पणजोबांच्या मागे लागला.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्याच्या पणजोबांशी यांना काय करायचंय? हाच तर आपला सवाल! पण जी मंडळी पाचोळ्यात तासभर पक्षी शोधतात, त्यांना पणजोबा म्हणजे केवढी मेजवानी! बाईंच्या घरचं जुनं बायबल बाहेर निघालं. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू शाईने लिहिलेले. कुणी दुर्बीण उलटी धरून पुसट अक्षरं वाचायला लागलं. कुणी घरून भिंग आणलं. एका उत्साही इसमाने तर तारखांचा एक्सेल तक्ता केला, त्याला रंग दिले आणि बाईंना न विचारता गटावर टाकला. ‘मावशींचं वय त्यात उघडं पडलंय’ हे त्याला दुसऱ्या दिवशी समजावून सांगण्यात आलं.

मग निघाला इतिहास. १८७० साली विल्यम टेलर नावाचा अमेरिकन प्रचारक मुंबईत उतरला. हा आधी सॅन फ्रान्सिस्कोत सोन्यामागे धावणाऱ्या गर्दीला रस्त्यावर उभं राहून उपदेश करायचा, त्यामुळे मुंबईच्या गर्दीचं त्याला काय वाटणार! १८७१-७२ मध्ये त्याने मुंबईत सभा लावल्या आणि मेथडिस्ट मंडळी उभी केली. परदेशातून पैसा आणायचा नाही, इथल्यांनी इथल्यांच्या खिशातून चालवायचं, असा त्याचा हट्ट. त्याला येऊन मिळाला जॉर्ज बोवेन. हा १८४८पासून मुंबईत होता. मिशनचा पगार सोडून साध्या खोलीत राहायचा आणि ‘बॉम्बे गार्डियन’ चालवायचा. कुलाब्याचं बोवेन मेमोरियल चर्च त्याच्याच नावाचं. पुण्यात टेलरचं भाषण ऐकून सर्वे खात्यातला एक तरुण असाच पालटला, विल्यम ओल्डहॅम त्याचं नाव. तो पुढे थेट सिंगापूरला गेला आणि १८८६ साली तिथे शाळा काढून बसला. पुण्यात त्याच्या नावाचं चर्च आहे. बघा, एका भाषणाला गेलं की माणूस कुठल्या कुठे जातो! म्हणून आपण म्हणतो, रविवारी घरी बसावं.

पण बाईंचे पणजोबा काही सापडेनात. का? तर मधे आली ती पंथांची भाऊबंदकी. एका चुलतभावाने फोनवर सांगितलं, ‘छे, आपण मेथडिस्ट नव्हेच. आपण नगरच्या मराठी मिशनचे.’ हे आणखी वेगळं प्रकरण. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईला उतरले, तिथून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. त्याचंच ‘ज्ञानोदय’ १८४२चं, आणि रेव्हरंड ना. वा. टिळक त्याच परंपरेत आलेले. गटातल्या दोघींनी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ शाळेत धड्यापुरतं वाचलं होतं. आता त्यांनी ते संदर्भग्रंथासारखं परत काढलं आणि पानोपानी चिकटपट्ट्या लावल्या. लक्ष्मीबाईंनी हे बघितलं असतं तर आणखी एक प्रकरण लिहिलं असतं.

मग पणजोबा नेमके कुणाचे? इथे १९७० साल आडवं आलं. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च झालं. मराठी मिशनवाल्यांची परंपरा त्यात गेली. ब्रिटिश मेथडिस्टही गेले. अमेरिकन मेथडिस्ट मात्र वर्षानुवर्षं वाटाघाटी करून ऐन वेळी मागे फिरले! साखरपुडा झाला, हॉल घेतला, आणि नवरामुलगा म्हणाला मी विचार करतो. त्यांनी पुढे १९८१ साली आपलं वेगळं मेथडिस्ट चर्च केलं. म्हणजे आजोबा एका नोंदवहीत, आजी दुसऱ्या नोंदवहीत, आणि त्या दोन वह्यांची धनीमंडळी वेगवेगळी. पक्षी निदान फांदी बदलताना दिसतो तरी. माणसं पंथ बदलताना मागे एक अर्धवट कागद सोडतात आणि तोही वाळवीला.

त्याहून कहर पुढे आहे. मेथडिस्ट मिशनची जुनी कागदपत्रं कुठे? अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या ड्रू विद्यापीठात. मराठी मिशनची? हार्वर्डमध्ये. इंग्रजी अमदानीतल्या मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्म्यांच्या आणि लग्नांच्या नकला? लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, एन-३ असा शिक्का असलेल्या वह्यांत. ज्या पणजोबांनी जन्मात कसारा घाट ओलांडला असेल नसेल, त्यांचा माग काढायला दोन परदेश! गटातल्या प्रत्येकाचा कुणी ना कुणी न्यू जर्सीत आहेच. आजवर त्या भाच्यांना लोणच्याच्या बरण्या पोचवायचे निरोप जायचे, आता ‘जरा अर्काइव्हमध्ये जाऊन ये’ असे जातात. भाचे फोन उचलेनासे झालेत, यात नवल ते काय?

बाईंचं बघून बाकीचे गप्प बसतील असं वाटलं तुम्हाला? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! कोकणस्थ काकांनी कपाटावरचा कुलवृत्तांत खाली काढला, धूळ झटकली आणि जाहीर केलं की आमचं सगळं छापीलच आहे. त्यावर त्यांच्याच बायकोने विचारलं, ‘यात तुमच्या आत्या कुठे आहेत?’ आत्या नव्हत्या! सातशे पानांत मुलगे, त्यांचे मुलगे आणि त्यांच्या नोकऱ्या, पेन्शनीसकट. लेकी लग्न होऊन गेल्या की रेघ संपली. मेथडिस्ट बाईंच्या बायबलात मात्र आईचं नाव होतं, मुलींची होती, पाळण्यातच गेलेल्या बाळांचीही होती. काका दोन रविवार येऊरला आले नाहीत. पाठ दुखत होती म्हणे.

सांगलीकडच्या एका जोडप्याने हेळव्याची गोष्ट काढली: सीमाभागातून बैल घेऊन येणारा, दारात उभा राहून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवणारा आणि धान्य घेऊन जाणारा. त्या दोघांनी गावी फोन करून करून हेळव्याचा पत्ता मिळवला. तो मोबाइलवर बोलला! पिढ्या व्हॉट्सॲपवर पाठवत नाही, दारात येऊनच सांगतो म्हणाला. आता त्याचा बैल नाहूरच्या टॉवरच्या गेटवर व्हिजिटर म्हणून कोणत्या रकान्यात लिहायचा, ही वॉचमनची काळजी. आणखी एकजण त्र्यंबकेश्वराच्या उपाध्यायांच्या वहीत आपल्या खापरपणजोबांची सही बघून आला आणि तेव्हापासून स्वतःची सही तशीच करायला लागलाय. बँकेने दोन चेक परत पाठवले.

आणि मोडी! अरे देवा, ती मोडी. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, गावोगावचे जुने दप्तर उपसले गेले, ५० लाखांहून जास्त नोंदी निघाल्या आणि मोडी वाचणाऱ्याला अचानक सोन्याचा भाव आला. तिथे निदान दाखल्याचा प्रश्न होता, माणसाच्या हक्काचा होता. आपल्याकडे तसलं काहीच नाही. तरी चार बायका आणि एक निवृत्त मॅनेजर मोडीच्या क्लासला बसले! आता वाण्याची यादी मोडीत लिहितात. वाणी गुजराती. तो काय पाठवतो आणि घरात काय शिजतं, ते विचारू नका.

या सगळ्यात मेथडिस्टांचा मूळपुरुष जॉन वेस्ली मंडळींना भलताच पावला. कारण बाईंनी सांगितलं की हा गृहस्थ पहाटे पाचला प्रवचन द्यायचा! आणि चर्चची दारं बंद झाली तेव्हा १७३९ साली ब्रिस्टलजवळ उघड्या मैदानात उभा राहिला. आपल्या गावच्या चर्चने आत घेतलं नाही तर हा पठ्ठ्या आवारातल्या स्वतःच्या वडिलांच्या थडग्यावर चढून बोलला! घोड्यावरून अडीच लाख मैल हिंडला म्हणतात, आणि रोज कुठे गेलो, किती वाजता उठलो, सगळं डायरीत. पहाटे पाच, उघडं रान, पायपीट, वाडवडील आणि बारीकसारीक नोंदी: हा तर नाहूरच्या गटाचा ॲडमिनच! एकदा म्हणे याने चहा सोडला आणि लोकांनाही सोडायला सांगितला, १७४८ साली तसं पत्रच छापलं. तेवढं कळल्यावर मात्र गटात सन्नाटा. येऊरवरून उतरलं की ठाण्याची मामलेदार मिसळ आणि वर दोन कटिंग, याशिवाय निसर्ग पूर्ण होत नाही अशी आमच्या मंडळींची श्रद्धा आहे. वेस्ली नंतर पुन्हा चहा प्यायला लागला हे कुणीतरी शोधून काढलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

बाईंच्या पणजोबांचं काय झालं? सापडले ना! अमेरिकेत नाही, लंडनमध्ये नाही. सापडले ते त्यांच्याच नव्वदीच्या आत्याबाईंच्या ट्रंकेत, ‘उपासना संगीत’च्या एका फाटक्या प्रतीत ठेवलेल्या चिठ्ठीत. पणजोबा मराठी मिशनचे, पणजी मेथडिस्ट, आणि लग्नानंतर पणजोबांनी निमूटपणे पणजीचं चर्च धरलं. म्हणजे बाई बरोबर आणि फोनवरचा चुलतभाऊही बरोबर! आत्याबाईंना विचारलं, ‘आधी का नाही सांगितलंत?’ त्या म्हणाल्या, ‘आधी विचारलं कोणी?’

आता तुम्ही नाक मुरडाल आणि म्हणाल, काय ही थेरं! मुरडा. पण परवा पहाटे तुमच्या गॅलरीत कोण उभं होतं, कानाला हात लावून, तांबट की पावशा ते ऐकत? आणि दिवाळीत गावी गेल्यावर माळ्यावरच्या पेटीत कोण डोकं खुपसून बसलं होतं? आपण सगळे त्यातलेच. तेव्हा लाजू नका. येत्या रविवारी या. दुर्बीण नसली तरी चालेल, बाजूचा देतो. भडक रंगाचा शर्ट टाळा, सेंट लावू नका, पाण्याची बाटली आणा. आणि निघण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला तिच्या आईचं माहेरचं आडनाव विचारून, कागदावर लिहून घ्या. नवरंग दरवर्षी येतो, त्या काही दरवर्षी नसतील.